११८ कोटींचं चित्र आणि आपल्या गटातली पोरगी

हिंगणीहून आम्ही बोलतो आहोत. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न अडला होता. गटातल्या एका ताईची मुलगी बारावीला आहे. शाळेत असतानाच तिनं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या. आता तिला नागपूरला जाऊन चित्रकलेचंच शिक्षण घ्यायचं आहे. ताईनं त्यासाठी गटाकडे कर्ज मागितलं. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, बियाण्यासाठी, दवाखान्यासाठी आम्ही कर्ज देतो. नर्सिंगला, आयटीआयला दिलं, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नव्हतं. पण चित्रकला म्हटल्याबरोबर एक काकू म्हणाल्या, "चित्रं काढून पोट भरते का वो?"

तेव्हा आमच्यातल्या एका सुनेनं मोबाइलवर एक बातमी दाखवली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला एका भारतीय चित्राचा लिलाव झाला आणि त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. काकूंनी विचारलं, "सोन्यानं मढवलं हाये का थे?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न काही सुटला नाही. मग ठरलं की हे चित्र काय आहे, कोणी काढलं आणि ते पैसे कोणाच्या हाती गेले, याची माहिती काढायची आणि कर्जाचं त्यानंतर बोलायचं. ती माहिती आज तुमच्यापुढे ठेवतो.

चित्रात आहे तरी काय?

चित्राचं नाव 'ग्रामयात्रा'. काढणारे मकबूल फिदा हुसेन. यांचा जन्म १९१५ साली आपल्या पंढरपूरचा. हे चित्र त्यांनी १९५४ मध्ये काढलं. लांबी जवळजवळ १४ फूट, म्हणजे एखाद्या घराची भिंत भरेल एवढं. त्यात एकाला लागून एक अशी १३ छोटी दृश्यं आहेत. राजा नाही, राणी नाही, देवाधर्माची कथा नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाया आहेत, लेकरं सांभाळणाऱ्या बाया आहेत, बैलगाडीतून चाललेल्या बाया आहेत. एका चौकटीत शेतकरी उभा आहे आणि त्याचा हात शेजारच्या चौकटीतल्या शिवारापर्यंत पोचतो.

म्हणजे ११८ कोटी ज्याला मिळाले, त्या चित्रात आपलंच रोजचं काम आहे. आधुनिक भारतीय चित्राला तोवर लिलावात मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत. त्याच्या आधीचा विक्रम होता अमृता शेरगिल या बाईच्या चित्राचा. ते १९३७ सालचं चित्र २०२३ मध्ये ६१ कोटी ८० लाखांना गेलं. त्यातही गावातल्या बायाच आहेत, अंगणात बसून गोष्टी सांगणाऱ्या. ज्या कामाची घरात कोणी मोजदाद करत नाही, ते काम कागदावर, कापडावर उतरलं की जग बघायला येतं. हे ऐकून आमच्या बैठकीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

सहा जणांचा गट

हुसेन एकटे नव्हते. १९४७ साली मुंबईत सहा कलावंतांनी मिळून एक गट केला. नाव ठेवलं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, म्हणजे पुढे पाहणाऱ्या कलावंतांचा गट. नुकतंच दुसरं महायुद्ध संपलं होतं, देश स्वतंत्र झाला होता आणि फाळणीत माणसं मारली जात होती, घरं जळत होती. अशा वेळी या गटात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती एकत्र बसत होते. हीच गोष्ट त्या दिवसांत सोपी नव्हती.

हे सहा जण कोण होते, ते ऐका. कारण चित्रकार म्हटला की तो मोठ्या घरचा असणार, असं आपण धरून चालतो.

फ्रान्सिस न्यूटन सोझा हे गोव्याच्या साळगावचे. ते तान्हे असताना वडील वारले. आईनं मुंबईला येऊन कपडे शिवून मुलगा वाढवला. सोझा मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकायला गेले आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतला म्हणून तिथून काढले गेले. हा गट उभा करण्यात तेच पुढे होते.

के. एच. आरा हे हैदराबादकडचे, मोटार चालवणाऱ्याचा मुलगा. लहानपणीच घरातून पळून मुंबईला आले. लोकांकडे घरकाम केलं, गाड्या धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. चित्र काढायचे ते कामातून उरलेल्या वेळात.

हुसेन मुंबईत सिनेमाचे मोठाले फलक रंगवत. पुढे मुलांची लाकडी खेळणी आणि फर्निचर बनवायच्या कामावर होते.

सदानंद बाकरे हे गटातले एकटे शिल्पकार. आयुष्याच्या शेवटी ते कोकणात मुरूड-हर्णैला राहिले आणि २००७ मध्ये तिथेच वारले.

आता दोघं आपल्याकडचे. हरी अंबादास गाडे यांचा जन्म १९१७ सालचा, गाव तळेगाव दशासर. पुलगावहून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यात लागतं ते, शंकरपटाचं तळेगाव. गाडे विज्ञान शिकले आणि नागपूरला चित्रकलाही शिकले. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील जंगलखात्यात होते. बोरच्या जंगलाला लागून राहणाऱ्या आपल्याला ते बालपण वेगळं सांगायला नको. रझांचं लक्ष वर्गात लागत नसे, तेव्हा त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितलं. तो ठिपका रझांनी आयुष्यभर जपला. पुढे त्यांच्या चित्रांत मोठा काळा बिंदू येत राहिला आणि जगात ते त्या बिंदूमुळेच ओळखले गेले. तेही नागपूरच्याच कलाशाळेत शिकून मग मुंबईला गेले. साठ वर्षं फ्रान्समध्ये राहून २०१० साली परत आले. २०१६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला वडिलांच्या शेजारी दफन केलं.

विष्णू चिंतामण गायतोंडे या गटात थोडे नंतर आले. त्यांचा जन्मही नागपूरचाच, १९२४ चा. म्हणजे जगाच्या नकाशावर नाव गेलेल्या या गटात नागपूरशी नातं असलेले तिघं निघाले.

त्यांनी वेगळं काय केलं?

इंग्रजांच्या काळात कलाशाळेत शिकवलं जाई ते डोळ्याला दिसतं तसं हुबेहूब काढायला. माणूस माणसासारखा, सावली सावलीसारखी. दुसरीकडे बंगालमध्ये जुन्या कथा-पुराणांची मऊ रंगांतली चित्रं काढायची पद्धत रुजली होती. या सहा जणांना दोन्ही पुरेनात. त्यांचं म्हणणं असं की देश नवा झाला, तर बघण्याची रीतही नवी हवी.

ती शोधायला त्यांनी दोन्हीकडे हात पसरले. हिटलरच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईला आलेले काही लोक होते. वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर ही त्यांतली नावं. त्यांनी या तरुणांना युरोपातल्या नव्या चित्रांची ओळख करून दिली, त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं, त्यांची चित्रं विकत घेतली. स्वतः बेघर झालेल्या माणसांनी हे केलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट दिल्लीची. १९४८ मध्ये आज ज्याला राष्ट्रपती भवन म्हणतो तिथे भारतातल्या जुन्या कलेचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. मथुरेच्या मूर्ती, पहाडी राज्यांतली ठसठशीत रंगांची छोटी चित्रं, असं बरंच काही. हुसेन आणि सोझा ते बघायला गेले. तिथून हुसेन यांच्या बाया मूर्तीसारख्या डौलात उभ्या राहू लागल्या, रंग धीट झाले. त्याच प्रदर्शनातून पुढे १९४९ साली दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. सिनेमाचे फलक रंगवणारा माणूस एका प्रदर्शनात शिरला आणि बाहेर पडला तो वेगळा होऊन. प्रदर्शनाचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर हे उदाहरण सांगावं.

१९४९ मध्ये या गटानं मुंबईत आपलं प्रदर्शन भरवलं. लेखक मुल्कराज आनंद यांनी त्याचं उद्घाटन केलं. पण गट म्हणून ते फार दिवस टिकले नाहीत. सोझा लंडनला गेले, रझा पॅरिसला, बाकरेही लंडनला. १९५६ पर्यंत गट संपला. आपले गटही मोडतात आणि आपण म्हणतो, सगळं वाया गेलं. पण त्या थोड्या वर्षांत एकमेकांच्या जोरावर जे शिकले, ते प्रत्येकाच्या हातात राहिलं.

आणि बाया कुठे होत्या?

हा प्रश्न आमच्या बैठकीत सगळ्यात आधी आला. सहाच्या सहा पुरुष! शोधलं तेव्हा एक नाव सापडलं, भानुमती राजोपाध्ये. कोल्हापूरची मुलगी, जन्म १९२९. वडील चित्रकार होते, पण ती लहान असतानाच ते गेले. भानुमती मुंबईला जे. जे. मध्ये शिकली आणि १९५३ साली या गटाच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. गटाबरोबर चित्रं मांडणारी ती एकटी बाई.

पुढे ती मासिकांसाठी कपड्यांची चित्रं काढू लागली आणि तिथून सिनेमात कपडे तयार करण्याकडे वळली. तिला आपण ओळखतो ते भानू अथैया या नावानं. 'प्यासा', 'गाइड', 'लगान' या सिनेमांतले कपडे त्यांचे. आणि 'गांधी' सिनेमाचेही. त्या सिनेमासाठी १९८३ मध्ये त्यांना, जॉन मोलो यांच्यासोबत, ऑस्कर मिळालं. भारतातलं ते पहिलं ऑस्कर. सेवाग्राम आपल्याला जवळ, खादी आपल्या ओळखीची. त्या साध्या पांढऱ्या कपड्याकडे चित्रकाराच्या डोळ्यानं बघणारी बाई जगात पहिली आली. चित्रकला शिकलेल्या बाईला भिंतीवर टांगायचं चित्रच काढावं लागतं असं नाही, हेही यातून कळलं.

११८ कोटी कोणाला मिळाले?

हा हिशेब नीट समजून घ्या, कारण इथेच फसगत होते. 'ग्रामयात्रा' हे चित्र १९५४ मध्येच एका डॉक्टरनं विकत घेतलं होतं. ते नॉर्वेहून दिल्लीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी आले होते. त्यांनी ते चित्र आपल्या देशात नेलं आणि मागे ऑस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. तिथे ते कित्येक वर्षं भिंतीवर होतं, फार कोणाला ठाऊक नव्हतं. २०२५ मध्ये रुग्णालयानं ते विकलं. पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरायचे ठरले. हुसेन २०११ मध्येच वारले होते. म्हणजे हे ११८ कोटी चित्रकाराच्या घरी गेलेच नाहीत.

आपल्याला हे कापसावरून लगेच कळेल. बोंड फुटलं की आपल्याला घाई असते. सावकाराचं देणं, दुकानदाराची उधारी, पोरांची फी. आपण मिळेल त्या भावानं कापूस देऊन मोकळे होतो. मागाहून भाव चढतो, तेव्हा माल ज्याच्या गोदामात असतो, पैसा त्याचा होतो. चित्राचंही तसंच. काढणारा गरजेपोटी थोडक्यात विकतो, ठेवणारा थांबू शकतो. शिवाय कापसाला दुसरा गाडा मिळतो, पण हे चित्र जगात एकच असतं आणि काढणारा गेला की नवं येत नाही. दोन श्रीमंतांना एकच वस्तू हवी झाली की भाव कुठेही जातो.

म्हणून त्या बातमीवरून कोणी पोरीला चित्रकलेला घालू नये. आणि त्या बातमीतला पैसा चित्रकाराला मिळाला नाही म्हणून अडवूही नये. आरांसारख्यांनी घरकाम करून चित्रं काढली, भानू अथैयांनी शिकलेल्या डोळ्यावर सन्मानानं पोट भरलं. खरा हिशेब तो आहे.

संग्रहालयात आपलं काय काम?

आज या लोकांची चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत लागतात. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात नागपूरला जन्मलेल्या गायतोंड्यांचं प्रदर्शन झालं. २०१८-१९ मध्ये त्याच शहरातल्या एशिया सोसायटीच्या संग्रहालयात या अख्ख्या गटाचं झालं. २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात रझांचं झालं. तिथे आपण जाणार नाही. पण मुंबईला जाऊ शकतो. काळाघोड्याजवळ राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी मुंबईला उतरलं की स्टेशनपासून पायी जाता येतं. सोमवारी मात्र ते बंद असतं.

संग्रहालय म्हटलं की आपल्याला नागपूरचा अजब बंगला आठवतो. वर्ध्यातलं मगन संग्रहालय तर गांधीजींनीच १९३८ मध्ये सुरू करून दिलं, खेड्यातल्या हातांची कामं लोकांना दिसावीत म्हणून. सेवाग्रामला बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननं काढलेली उठावाची झाडं आपल्यातल्या कितीजणींनी पाहिली आहेत! आणि सिंदीचा तान्हा पोळा? ते मोठाले लाकडी नंदी रस्त्यानं निघतात, लोक थांबून बघतात, कोणाचा नंदी देखणा यावर वाद घालतात. तेही प्रदर्शनच झालं. फक्त त्याला दार नाही, पहारेकरी नाही.

दाराचीच भीती वाटते आपल्याला. आत गेलं आणि चित्र कळलं नाही तर? गायतोंड्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसते रंगांचे थर. ते रूळ फिरवून आणि पात्यानं खरवडून ते थर चढवत आणि उतरवत. आता सांगा, आपण शेणानं अंगण सारवतो तेव्हा हाताचे अर्धगोल उमटतात. ओलं असताना एक रंग, वाळत आलं की दुसरा. त्याचा अर्थ काय, असं कोणी विचारतं का? तरी सारवण चांगलं झालं की नाही, ते लांबूनच कळतं. गोधडी शिवताना लाल तुकड्याशेजारी कोणता ठेवायचा, हे कोणी शिकवलं नसतं. तोच डोळा घेऊन आत जायचं.

आम्ही आपसांत तीन गोष्टी ठरवल्या आहेत. आधी लांब उभं राहायचं आणि डोळा पहिल्यांदा कुठे जातो ते बघायचं. मग जवळ जाऊन हात कसा फिरला असेल ते बघायचं, पण चित्राला हात लावायचा नाही. आणि शेवटी शेजारणीला विचारायचं, तुला काय दिसलं? दोघींना वेगळं दिसलं तर दोघीही बरोबर.

कर्जाचं काय झालं?

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. ताईच्या मुलीला आणि तिच्या आईला बैठकीत बोलावलं. बारावीनंतर कलेच्या पदवीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी कशी करणार ते विचारलं. पुढे शाळेत चित्रकला शिकवणं, कापडावरची नक्षी, छपाई, जाहिरात, सिनेमा असे कोणते रस्ते आहेत, ते तिनंच सांगितलं. मुलीला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. परीक्षेच्या तयारीपुरतं आणि साहित्यापुरतं कर्ज गटानं मंजूर केलं. व्याज इतर शिक्षणाला लावतो तेवढंच. दोघींनी विरोध केला आणि तो वहीत लिहून ठेवला. त्यांची काळजी खोटी नाही. घरी दोन एकर कोरडवाहू वावर आहे, पाऊस दगा देतो, हप्ता थकू शकतो. ते शेळीच्या कर्जालाही होतं.

'चित्रं काढून पोट भरते का' असं विचारणाऱ्या काकूंनी जाताना मुलीला सांगितलं, "दिवाळीच्या आधी येजो माह्या घरी. ओसरीची भिंत रंगवाची हाये."

तुमच्या गटात अशी मुलगी असेल, तर तिला पुढच्या बैठकीला बोलवा. वही घेऊन यायला सांगा, आणि वही सगळ्याजणी बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.